पोटमाळ्यावरचं दफ्तर



माझ्याआधी चार वक्ते बोलले. ‘गिरणगावाचा गौरवशाली इतिहास’ हे शब्द अकरा वेळा आले. मी मोजत होते. ‘वही’ हा शब्द एकदाही आला नाही, ‘पावती’ही नाही. म्हणून आज थोडं कडू बोलणार आहे. अध्यक्ष केलंत, आता ऐका.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. पुढच्या मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी धाडी पडल्या आणि पोलिसांनी युनियनचे कागद उचलून नेले. आज त्या काळावर लिहिणाऱ्याला त्या खटल्यातले पुरावे आणि गृहखात्याच्या फायली उघडाव्या लागतात. ज्यांनी आपली माणसं तुरुंगात घातली, त्यांनी आपले कागद नंबर टाकून जपले. आपल्या हातात जे उरलं होतं, ते आपण रद्दीत घातलं. लाज कुणाला वाटायला हवी?

लगेच तक्रार येईल, की पेशव्यांच्या दफ्तराला सरकार मिळालं, इतिहासकार सरदेसाई मिळाले, ४५ खंड निघाले. आम्हाला कोण विचारतो? हे रडगाणं मला मान्य नाही. इतिहासाचार्य राजवाडे कुणाच्या हुकुमाची वाट बघत बसले नव्हते. लोकांच्या अडगळीत हात घालून त्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. ते आपल्या चाळीत आले नाहीत, खरं आहे. पण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या दारात गेल्या, त्यांच्यापुढे बसल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. त्यांच्यामागे कुठलं सरकारी दफ्तर होतं?

कागदाची किंमत आपल्याला एकदाच कळली, गिरणी कामगारांसाठीच्या घरांचे अर्ज निघाले तेव्हा. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर होता, हे सिद्ध करा म्हणाले. तीस-तीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस आपण कामगार होतो याचा पुरावा शोधत ट्रंका उपसत होता. हजेरी कार्ड, तिकीट नंबर, कामगार विम्याचं कार्ड, पगाराची पावती. ज्याच्या बायकोने ते गाठोड्यात बांधून ठेवलं होतं, तो रांगेत उभा राहिला. बाकीचे साक्षीदार शोधत फिरले, आणि साक्षीदार कधीच गावी गेलेले. घराचा अर्ज भरून झाला, की तीच कार्डं पुन्हा कुठे पडली, विचारा घरी.

मीही शहाणी नाही. वडिलांच्या कागदांचं गाठोडं मीच किलोवर विकलं. दिवाळीची साफसफाई होती. त्यात संपाची हँडबिलं होती, गावकरी मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं होती. गावाकडच्या कुणाला कुणी मुंबईत आणलं, खोलीत किती जण आळीपाळीने झोपत, हे त्या पुस्तकांवरून सांगता आलं असतं. रद्दीवाल्याने काटा मारला असेल, त्याचा मला राग नाही.

आता बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून माणसं ५०० चौरस फुटांत चालली आहेत. चांगलं आहे, नव्या घराला दृष्ट लागू नये. पण टॉवरला पोटमाळा नसतो. सामान उतरवताना पहिली फेकली जाते ती पोटमाळ्यावरची ट्रंक. आणि इथे बसलेली मंडळं स्मारकाच्या कमानीसाठी वर्गणी काढतायत! कमानीचे पैसे राहू द्या. पुठ्ठ्याचे खोके आणा, डांबराच्या गोळ्या नकोत, कोरडी जागा बघा, प्रत्येक कागदावर पेन्सिलने नंबर घाला. फोटोच्या मागे नावं आजच लिहून घ्या. नावं सांगणाऱ्या म्हाताऱ्या फार उरल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवला म्हणजे जपला, असं समजणाऱ्या तरुणांनी दोन फोन मागचा एक फोटो मला आत्ता काढून दाखवावा.

माझी शाल मी मंडळाला परत करते. तिच्या किमतीत दहाएक खोके येतील. पहिल्या खोक्यात ही वही घाला. माझी आई खानावळ चालवायची, तिची १९८२ची. दत्ता सामंतांचा गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला. जानेवारीपर्यंत प्रत्येक नावापुढे ‘जमा’ आहे. फेब्रुवारीपासून तो रकाना कोरा. जेवणाऱ्यांची नावं मात्र तशीच चालू आहेत, जूनपर्यंत, मग ऑगस्टपर्यंत, मग एकेक गळत जातात. ती नावं लोकांपुढे ठेवायची का, हे आधी त्यांच्या घरच्यांना विचारू. मागची चार पानं उंदरांनी खाल्ली आहेत. तेही नोंदवून ठेवा.