पाहुणे किती दिवसांचे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



मला ‘पाहुणचार’ या विषयावर दहा मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. बहुतेक माझ्या पुरणपोळ्यांमुळे! सुभाषितं वगैरे मला येत नाहीत. घडलं ते सांगते.

२६ जुलै २००५ ची आठवण निघणारच, म्हणून आधी ती उरकते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. लोकल बंद. एल.बी.एस. रोडवरून माणसं भिजत ठाण्याकडे चालत निघालेली. आपल्या गेटमधून त्या रात्री किती जण आत आले, याची नोंद वॉचमनच्या वहीतही नसेल. आमच्याकडे बँकेतल्या दोन मुली आणि एक आजोबा राहिले. आजोबांना ह्यांचा लेंगा घोट्याच्या वर येत होता. सकाळी चहा-पोहे खाऊन सगळे गेले. एका रात्रीच्या पाहुण्याशी कोण वाईट वागेल? खरं म्हणजे त्या पाहुणचारात आपल्यालाच मजा आली.

मला बोलायचंय ते सहा आठवड्यांच्या पाहुण्यांबद्दल.

२०११ चा जानेवारी. संगमेश्वरजवळच्या गावाहून ह्यांच्या आत्या आणि आतोबा आले. आत्यांना घशाचा कॅन्सर. परळला टाटामध्ये रेडिएशन, गावाकडे ‘शेक’ म्हणतात ते, सुरू होणार होतं. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. शेक काही मिनिटांचा, पण मुलुंडहून जाणं-येणं धरून दिवस मोडायचा.

आमचं वन बीएचके. सासूबाई, आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि आता हे दोघं. दुसऱ्या आठवड्यापासून आत्यांना गिळवेना. तिखट तर सोडाच, मीठसुद्धा झोंबायचं. मग त्यांच्यासाठी वेगळा गुरगुट्या भात, वरणाचं गाळलेलं पाणी, दुधात कुस्करलेलं केळं. हे सगळं सातच्या आत, कारण मलाही आठ-दोनची लोकल पकडायची असे. रात्री हॉलमध्ये अंथरुणं पडली की दिवा बंद. मुलगा किचनच्या ओट्याशी उभा राहून गणितं सोडवायचा.

एका रात्री बाल्कनीत जाऊन मी बहिणीला फोनवर म्हटलं, “अगं, अजून चार आठवडे! पोराचं वर्ष जायचं ह्यांच्यापायी.”

बाल्कनीला लागून हॉलची खिडकी आहे. आमच्या लाइनमधल्या फ्लॅटवाल्यांना ठाऊकच आहे. आत्या जाग्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. तीन दिवसांनी फक्त म्हणाल्या, “दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सोय होतेय गो. हॉस्पिटल जवळ पडेल.”

मी “राहा हो” म्हटलं. एकदाच म्हटलं. त्यांची पिशवी रिक्षात ठेवताना मला हलकं वाटलं होतं. हे चारचौघांत आज पहिल्यांदाच बोलतेय. ह्यांनाही एवढं ठाऊक नाही.

रविवारी डबा घेऊन दादरला गेले. तिथे सगळी आपल्यासारखीच माणसं, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या मांडीवर लहान पोर. शेजारी एक विदर्भातल्या बाई होत्या. आत्यांनी त्यांना बसलेल्या आवाजात माझी ओळख करून दिली, “ही आमची मुलुंडची सून. हिच्याचकडे असतो आम्ही.” भात थंड झाला होता, तरी चार घास खाल्ले. मी म्हटलं, “आत्या, चला घरी.” त्या म्हणाल्या, “पोराची परीक्षा होऊ दे, मग येतो.”

आणि आल्या. एप्रिलमध्ये तपासणीला आल्या, मग येतच राहिल्या, पाच वर्षं. ती पाच वर्षं मी एकटीने निभावली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपणहून सांगितलं, “आतोबांना रात्री आमच्याकडे झोपायला पाठव.” बी विंगमधले एक दादा सकाळी स्कूटरवरून आत्यांना स्टेशनला सोडायचे. हे मी पहिल्याच वेळी कुणाला विचारलं का नाही? आपले पाहुणे म्हणजे आपली खाजगी अडचण, असं वाटायचं मला. शेजाऱ्याकडे साखर मागताना लाज वाटत नाही, आणि एक अंथरूण मागताना वाटते.

आता गेटवर पाहुणा आला की आपला मोबाईल वाजतो. बोट दाबलं की तो आत. सोय चांगली आहे, मी विरोधात नाही. पण त्या यादीत कुरिअर आणि जेवणाची पार्सलं सोडून मुक्कामाला आलेलं माणूस शेवटचं कधी दिसलं, घरी गेल्यावर बघा जरा.

एक मागणं आहे. सोसायटी ऑफिसच्या मागची खोली. तिथे गणपतीचं मखर आणि मोडक्या सायकली आहेत. मखर गच्चीवरच्या शेडमध्ये जाईल. सायकलींचं काय करायचं ते मालकांनी सांगावं, त्यात एक आमचीही आहे. नळ आणि संडास शेजारीच आहे. कुणाकडे उपचारांसाठी, परीक्षेसाठी माणूस आलं आणि घरात जागा नसली, तर आठ-पंधरा दिवस ती खोली द्यावी. चावी कुणाकडे, वीजबिल कसं, ते कमिटीने ठरवावं. पुढच्या जनरल बॉडीत विषय घ्या, एवढीच विनंती.

दोन गाद्या माझ्याकडून. कापूस पिंजून तयार आहेत. उशांचं मात्र कुणीतरी बघा.