नकार कुठून येतो?



मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यातलं एक माइकनेच खाल्लं. म्हणून एकाच बाईंविषयी बोलते.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून नकार आला. कमलाबाई अडून बसल्या. शेवटी एक वर्ष काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर घेतलं. काम पाहून रामन यांचं मत बदललं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं, १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. परत येऊन काम कशावर? कडधान्यं आणि नीरा!

पण त्यांचे वडील आणि काका, दोघंही रसायनशास्त्रातले. नकार संस्थेचा होता, घरचा नव्हता. आज उलट झालंय. अर्ज कोणी परत करत नाही. घरातूनच, तेही मायेने, म्हणतात, ‘एवढ्या लांब कशाला? इथलंच कॉलेज बघ.’ भावाला मात्र कोटाला धाडलेलं असतं.

तेव्हा यंदा फॉर्म भरणाऱ्या मुलींच्या आईबाबांनी ‘नको’ म्हणण्याआधी माझी बेल वाजवावी. माझी तीस वर्षं लॅबमध्ये गेली. हॉस्टेल, फी, स्कॉलरशिप, सगळं बसून बघू. बी विंग, तिसरा मजला. संध्याकाळी सातनंतर या, चहा ठेवते.