पडण्याच्या भीतीवर उतारा

घरातील वृद्ध आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात. सुदैवाने हाड मोडत नाही; मुका मार बसतो, इतकेच. परंतु त्या दिवसापासून घरची रीत बदलते. पाण्याचा तांब्या उशाशी येतो, जेवणाचे ताट खाटेवर येते, आणि ‘आई, तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना’ हे शब्द दिवसातून दहा वेळा त्यांच्या कानी पडतात. हा सारा मायेचाच व्यवहार असतो. पण तीन महिन्यांनी पाहावे, तो त्याच आजींना खुर्चीतून उठण्यासही दोघांचा आधार लागतो. मार तर केव्हाच बरा झाला; मग बळ गेले कोठे?

ते वापराअभावी गेले. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरी सुमारे एक किलोने घटला. आपोआप वजन उतरणे, सततचा थकवा, मुठीची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे, ही जर्जरतेची पाच लक्षणे डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली. यांपैकी तीन दिसली, तर ती जर्जरता समजावी. एकदोनच दिसत असतील, तर सावध होण्याची वेळ आली आहे असे जाणावे.

शरीराआधी खचतो तो मात्र आत्मविश्वास. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे सोडतो, न चालल्याने पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय पुन्हा पाडतात. म्हणूनच डॉ. मेरी टिनेटी यांनी १९९० साली तयार केलेल्या प्रश्नावलीत वृद्धांना विचारले जाते ते हेच : स्नान करणे, कपडे घालणे, दार उघडण्यास जाणे अशी साधी कामे न पडता करता येतील, असा भरवसा तुम्हाला कितपत वाटतो?

हा भरवसा उपदेशाने येत नाही. तो कृतीतून येतो. त्याच वर्षी बोस्टन येथील एका वृद्धसेवालयातील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा वृद्धांकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करवून घेण्यात आला. नऊ जणांनी आठ आठवडे तो पुरा केला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी पावणेतीन पट झाली, आणि दोघांनी तर हातातली काठी सोडली!

घरी आरंभ याहून लहान असावा. डॉक्टरांकडून दृष्टी, रक्तदाब आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. मग सकाळच्या चहानंतर भक्कम खुर्चीतून पाच वेळा उठावे व बसावे. ते साधले की पुढच्या आठवड्यात सहा वेळा. चहाशी जोडलेली सवय सहसा चुकत नाही. आहारात डाळ, दूध, अंडी, मासळी यांपैकी जे चालत असेल ते पुरेसे असावे. न्हाणीघरात धरावयास दांडा आणि रात्री वाटेवर दिवा असावा.

घरच्यांनी हात धरून ओढू नये. हाताच्या अंतरावर उभे राहावे. आजी स्वतः उठून दारापर्यंत गेल्या, तर त्या दिवशी त्यांनी नुसती दहा पावले टाकली असे नव्हे. आपले घर पुन्हा आपलेसे केले.