सूत्रे सोपविताना
माजी विद्यार्थी आणि पालकहो,

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ हे संगणकीय साधन निर्माण केले. अनेकांनी मिळून लिहिलेल्या प्रणालीतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला, याची नोंद ते ठेवते. चुकल्यास मागे परतता येते. अवघ्या चार महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांनी त्याची सूत्रे जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. डिसेंबरात पहिली पूर्ण आवृत्ती हमानोंच्या देखरेखीखाली निघाली.

नेतृत्वाची खरी कसोटी मला या सोपविण्यात दिसते. अडखळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातचा खडू घेऊन मीच वाक्य पुरे केल्याचे प्रसंग आज सलतात. परप्रांतातील ही मराठी शाळा साठ वर्षे टिकली, ती पुढच्या हातांवर विश्वास टाकल्यामुळेच. आता खडू तुमच्या हाती आहे. आमच्या चुकाही निःसंकोच दुरुस्त करा.