मनाचा सल्लागार कसा निवडावा?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नांदेड येथे झालेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरसूचना आणि वसतिगृहाचा निधी ह्या विषयांवर आपण ह्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकता. आज चिटणीसांनी मला निराळ्या विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी वैद्य नव्हे. एका चुकीचा मी साक्षीदार आहे, आणि ती चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातुरास राहत होता. दिवाळीस घरी आला तेव्हा त्याचे जेवण तुटले होते आणि रात्री त्यास झोप नव्हती. एके सायंकाळी तो म्हणाला, "काका, मला काउन्सेलिंगची गरज आहे." मी हसून म्हणालो, "अरे, आधी परीक्षा तर होऊ दे!" कारण लातुरात ह्या शब्दाचा अर्थ प्रवेशाच्या फेऱ्या असाच आपण धरतो. त्यास मन मोकळे करावयाचे होते आणि माझ्या डोळ्यांपुढे महाविद्यालयांची यादी होती.

अर्थ उमगल्यावर मी त्यास आपल्याच ज्ञातीतील एका आदरणीय गृहस्थांकडे नेले. त्यांनी तासभर उपदेश केला. हेतू निर्मळ होता, ह्यात शंका नाही. परंतु पंधरवड्याच्या आत एका लग्नाच्या मांडवात तिसऱ्याच पाहुण्याने मला विचारले, "मुलाच्या डोक्याचे काय झाले?" पुतण्या शेजारीच उभा होता. त्यानंतर तीन महिने तो कोणाशीही मनातले बोलला नाही. ते तीन महिने आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांस ठाऊक!

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, सोयरीक जमविताना आपण जे पाहतो ते येथे पाहू नये. सल्लागार आपल्या ज्ञातीचा, ओळखीचा, येण्याजाण्यातला असावा असे आपणांस स्वाभाविकपणे वाटते. परंतु जो आपल्या प्रत्येक कार्यात पंगतीस बसतो, त्याच्यापुढे घरातील दुःख उघडे करणे कठीण असते. येथे थोडा परका माणूसच बरा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याच्या गुप्ततेस हक्काचे स्थान दिले आहे, हे आपणांस ठाऊक असावे.

दुसरे असे की, गरज ओळखून माणूस निवडावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व औषध देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे की नाही, हे विचारावे. समुपदेशक संवादातून मार्ग शोधण्यास साहाय्य करतो. परंतु ही पाटी कोणीही लावताना दिसतो. तेव्हा शिक्षण कोठे झाले आणि अनुभव किती, हे विचारण्यात संकोच नसावा. झोप व अन्न तुटले असेल, भास होत असतील, तर आधी तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातुरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत; तेथे चौकशी करावी. आणि जीव देण्याची भाषा कानी आली, तर निवड करीत बसू नये. त्या माणसास एकटे न सोडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरे, पहिल्या भेटीत प्रश्न विचारावेत. भेट किती वेळाची? शुल्क किती? आमच्या बोलीत बोललेले चालेल काय? घरच्यांना काय सांगाल आणि काय सांगणार नाही? ह्या शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, जिवास धोका दिसल्यास सांगावे लागेल, एरवी नाही. लेकीसुनांना स्त्री समुपदेशक हवी असेल तर ती इच्छा मानावी. जो हमखास गुणाची हमी देतो, जो डॉक्टरांची औषधे परस्पर बंद करावयास सांगतो, किंवा जो स्वतःच अधिक बोलतो, त्यास नमस्कार करून उठावे.

माझ्या पुतण्यास योग्य माणूस तिसऱ्या खेपेस मिळाला. दुसरे गृहस्थ विद्वान होते, परंतु मुलगा म्हणाला, "त्यांच्यापुढे मला पुन्हा परीक्षेस बसल्यासारखे वाटते." मी रागावणार होतो, त्याच्या आईने मला आवरले. तिसऱ्या बाईंनी त्यास प्रथम एवढेच सांगितले, "तुझ्या घरी काय कळवायचे ते आपण दोघे मिळून ठरवू." त्या रात्री तो पोटभर जेवला. सल्लागार बदलणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, हे मी तेव्हा शिकलो. दोनतीन भेटी द्याव्यात, आणि तरीही खरे बोलावेसे वाटत नसेल तर तसे स्पष्ट सांगून दुसरा पाहावा.

ही गरज केवळ विद्यार्थ्यांची आहे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे नेली. औसा तालुक्यातील माझी मावशी त्यातून वाचली. तिला पुढे नवे घर मिळाले. पण कित्येक वर्षे पावसाळा सोडला तर ती छताखाली झोपली नाही. आम्ही तिला नवसाला नेले, गंडेदोरे बांधले. तिचे म्हणणे कोणी शांतपणे ऐकावे, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकासही सुचले नाही. ती गेली, आणि ती रुखरुख माझ्याकडे राहिली.

आज साधने आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतही बोलता येते. पुढे कोणाकडे जावे, ह्याचाही विचार तेथे करता येतो. हा क्रमांक आपल्या वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत लावावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.

दुसरी विनंती आपणां सर्वांस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून आपण ही दुःखे लपवितो, कारण पुढे मुलामुलींची लग्ने व्हावयाची असतात. ते भय खोटे नाही. ते आपणच निर्माण केले आहे. म्हणून वधूवरमेळाव्यात कोणी समुपदेशकाकडे गेल्याचे कळले, तर त्याची कुजबुज करू नये. स्थळे पाहणारेही आपणच आणि नाकारणारेही आपणच. तेव्हा हे भय दूर करणे आपल्याच हाती आहे.