खोटीचे दाम

ट्रकवरच्या ड्रायव्हरला पगार काय मिळतो, असे मला पुष्कळ जण विचारतात. काही वर्षे मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेब लिहीत होतो, म्हणून विचारतात. मी उलट विचारतो, "कुठल्या ड्रायव्हरला?" माझ्या टेबलापुढे उभे राहणारे सगळे दिसायला सारखेच. पण एकाचे पैसे महिन्यावर मोजले जात, दुसऱ्याचे खेपेवर, तिसऱ्याचे किलोमीटरवर. आणि चौथा स्वतःच गाडीचा मालक असल्यामुळे त्याला पगारच नसे, बँकेचा हप्ता तेवढा असे.

त्यातल्या त्यात बरा म्हणावा तो दुधाच्या टँकरवरचा. रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, आणि दूध नासते म्हणून डेअरीच्या फाटकात त्याला कुणी ताटकळत ठेवत नाही. पेट्रोलच्या टँकरवरच्याला धोकादायक मालाचे तीन दिवसांचे शिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि पैसेही थोडे अधिक मिळतात. हा माणूस एरवी कुणाच्या ध्यानात नसतो. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत, अपघाताच्या नव्या कलमातील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळ पानेवाडीचे टँकर हलेनात, तेव्हा पंपावर रांगेत उभ्या असलेल्या आपल्या सर्वांना त्याची आठवण झाली. सरकारने पुढे ते कलम लागू करायचे थांबवले.

खडी-मुरमाच्या डंपरवर हिशेब फेऱ्यांचा. दिवसात जितक्या फेऱ्या तितके पैसे. गावातल्या रस्त्यावरून डंपर एवढ्या वेगाने का जातो, हे कुणाला कळत नसेल, तर त्याचे उत्तर निम्मे तरी इथे आहे.

आता लांब पल्ल्याकडे वळू. इथे महिन्याचा पगार नावाला असतो. खरा संसार चालतो भत्त्यावर आणि खर्चीवर. खर्ची म्हणजे खेपेला निघताना मालक हातात ठेवतो ती रक्कम. त्यात जेवणखाण, किरकोळ दुरुस्ती, पंक्चर, ताडपत्रीची दोरी, आणि वाटेतले 'चहापाणी' सुद्धा. उरले तर ड्रायव्हरचे, कमी पडले तरी ड्रायव्हरचेच. तेव्हा माणूस बचत कशात करणार? ढाब्यावरच्या एका जेवणात, आणि झोपेत. दिल्ली मुंबईपासून सुमारे 1,400 किलोमीटर. तासाला सरासरी चाळीस किलोमीटर आणि दिवसाचे दहा तास धरले, तर साडेतीन दिवस लागतात. आमच्याकडे ही खेप तीन दिवसांची धरीत. वरचा अर्धा दिवस कुठून येई, ते तुम्हीच ओळखा. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता. पाळला जात असे क्वचितच, पण होता. 2018 साली तोही काढून टाकण्यात आला.

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? आहे तर. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 1961 साली झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लांबच्या मार्गावर मंजुरी घेऊन दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दाम. सारे त्यात लिहिलेले होते. पण तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. ज्याच्या दारात एक-दोनच ट्रक, त्याचा ड्रायव्हर या कायद्याच्या बाहेर. आता तो कायदा 2020 च्या श्रमसंहितेत सामावला गेला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. मला मात्र शंका वेगळीच आहे. हे तास मोजायचे कोणते?

गाडी चालते तेव्हाचे तास सगळ्यांना दिसतात. गाडी उभी असते तेव्हाचे कुणी मोजत नाही. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत रात्र-रात्र नंबर लावून असतात. न्हावा-शेव्याच्या बाहेर कंटेनर ओढणारे ट्रेलर असेच. मुंबईत दिवसा अवजड गाड्यांना बंदीचे तास, म्हणून वेशीवर थांबायचे. भिवंडीच्या गोदामात "आज माल उतरणार नाही" म्हटले की संपले. ड्रायव्हर झोपतो म्हणावे, तर माल आणि डिझेल राखायचे कुणी? साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये 2025 पासून वातानुकूलन सक्तीचे झाले, ते चांगलेच झाले. पण इंजिन बंद, म्हणजे ते यंत्रही बंद. रांगेत उभा असलेल्याला उन्हातच बसायचे.

या थांबण्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. खोटी. "माझी खोटी करू नको," असे आपण घरातही म्हणतो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात खोटीला रीतसर दर असतो. माल वेळेत उतरवून घेतला नाही, तर मालक दिवसाप्रमाणे आकार लावतो. ती बिले मीच करीत असे.

एकदा सोलापूरकडचे एक ड्रायव्हरमामा दिल्लीची खेप करून हिशेबाला आले. पन्नाशी उलटलेला माणूस. तिथल्या गोदामाने त्यांची गाडी तीन दिवस उभी ठेवली होती. मी प्रथेप्रमाणे खेपेचा भत्ता मांडला आणि थांबलेल्या तीन दिवसांची जागा कोरी सोडली. तेवढ्यात टेबलावरचे दुसरे बिल त्यांच्या नजरेस पडले. एकेक अक्षर लावून त्यांनी ते वाचले.

"भाऊसाहेब, ही तीन दिवसांची खोटी कुणाची लावलीत?"

"गाडीची, मामा."

"आन् मी त्या वक्ताला कुठं हुतो?"

मी मालकांकडे गेलो. मालक तसे दुष्ट नव्हते. ते म्हणाले, "अहो, तीन दिवस त्यानं काय केलं? झोपलाच ना तिथं?" मी परत येऊन व्हाउचर पहिल्यासारखेच लिहिले. मामांनी सही केली. माझी नोकरी होती, हे खरे. पण ती सही मला अजून दिसते.

आणि ज्या गोदामापुढे मामा उभे असत, त्यासारख्याच महाराष्ट्रातल्या बाजारांत गाडी रिकामी करणारा माथाडी हमाल बघा. 1969 च्या कायद्याने त्याला मंडळ मिळाले. मजुरी मंडळातून, तिच्यावर लेव्ही, तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. फार झगडून मिळवले त्यांनी. त्याच गाडीच्या पुढच्या भागात बसलेल्या माणसाला यातले काही नाही. हमाल एका बाजारात, एका जागी, शेकड्यांनी एकत्र असतात. ड्रायव्हर एकटा असतो, आणि दर दिवशी वेगळ्या गावात.

मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला संपली, तेव्हा नाक्यावरच्या रांगा गेल्या. म्हणजे खोटी कमी करता येते. फाटकावरच्या कारकुनाने गाडी आत आल्याची आणि सुटल्याची वेळ बिल्टीवर टाकली, तरी पुष्कळ होईल. त्यात पैसा लागत नाही, पेन लागते. वेळ कागदावर आली की मागायला काही आधार राहतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी हिशेबवहीत एक जादा रकाना आखला होता, 'खोटी, ड्रायव्हर'. तो बहुतेक कोराच राही. कधीमधी मालक त्यात एका दिवसाचा भत्ता लिहू देत, म्हणत, "घाला बुवा, तुमचं समाधान."

मामा तोवर दुधाच्या टँकरवर गेले होते. रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारले, कसं चाललंय. म्हणाले, "मिळतं कमी, भाऊसाहेब. पर रातच्याला घरी जेवतो."