विवाहावाचून सहजीवनाची नोंद

17 डिसेंबर 1997 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका भाड्याच्या घराचा प्रश्न होता. ज्याच्या नावावर भाडेपट्टा होता तो पुरुष मृत्यू पावला होता आणि त्याच्यासमवेत राहणारा दुसरा पुरुष पट्टा आपल्या नावे करून मागत होता. विवाहावाचून एकत्र राहणाऱ्या सहचरास कायद्याने तसा हक्क दिला होता खरा. परंतु सहचर म्हणजे केवळ स्त्री आणि पुरुष, असा अर्थ लावून न्यायालयाने मागणी फेटाळली. एड्सच्या साथीच्या काळात या प्रश्नाला धार आली होती. उशाशी बसून शुश्रूषा करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने परकाच ठरे.

या परिस्थितीतून ‘पाक्स’ नावाचा नागरी करार निघाला. 9 ऑक्टोबर 1998 रोजी सत्तारूढ पक्षाचे पुरेसे सदस्यच लोकसभागृहात नसल्याने विधेयक बारगळले! ते पुन्हा आले, तेव्हा ख्रिस्तीन बुतँ या विरोधी सदस्येने पाच तासांहून अधिक काळ भाषण केले. अखेर 15 नोव्हेंबर 1999 रोजी कायदा झाला. मौज अशी की, आज या कराराचा आश्रय घेणाऱ्यांत स्त्री-पुरुषांचीच जोडपी बहुसंख्य आहेत. 2022 साली दोन लाखांहून अधिक करार नोंदले गेले.

दोघे सज्ञान असावेत, निकटचे नातलग नसावेत, कोणीही विवाहित वा दुसऱ्या अशा कराराने बद्ध नसावा, एवढ्याच मुख्य अटी. पूर्वी नोंद न्यायालयाच्या कचेरीत होई. 1 नोव्हेंबर 2017 पासून ती नगरपालिकेत होते, अथवा नोटरीकडे. आजारात व बेकारीत एकमेकांस आधार देणे आणि नित्य संसारखर्चाचे ऋण दोघांनी मिळून फेडणे हे बंधन येते. प्राप्तिकराचे विवरणही एकत्र होते. मोडण्यास मात्र घटस्फोटाचा खटला लागत नाही. एकाने दुसऱ्यास रीतसर बजावणी केली तरी पुरते.

ही सुलभता मृत्यूच्या वेळी महाग पडते. मृत्युपत्र नसेल, तर वीस वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदारासही वारसाहक्काने काही मिळत नाही. मृताच्या मालकीच्या घरात एक वर्ष विनामूल्य राहता येते, इतकेच. मृताच्या निवृत्तिवेतनाचा हिस्सा विवाहितांपुरताच राखलेला आहे. 2007 पासून वारसाकर माफ झाला हे खरे. पण वारसाच नसेल तर करमाफीचा उपयोग कोणता? नोंदणीच्या दिवशी मृत्युपत्राचा विचार किती तरुण करीत असतील?

भारतात उत्तराखंड राज्याने 27 जानेवारी 2025 पासून अशी नोंदणी अंमलात आणली. परंतु तिचा रोख निराळा. 2024 साली संमत झालेल्या त्या कायद्यात एक महिन्याहून अधिक काळ नोंदणीविना एकत्र राहणाऱ्यांस तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, आणि निवेदनाची प्रत पोलीस ठाण्याकडे जाणार होती. टाकून दिलेल्या स्त्रीस पोटगी व अपत्यास औरसपणा, ही त्याची इष्ट बाजू. पण फ्रान्समध्ये ज्यांना हक्क हवेत ते आपण होऊन नगरपालिकेत जातात. न जाणाऱ्यांची चौकशी कोणी करीत नाही. गेलेल्यांच्या कराराची नोंद त्यांच्या जन्मदाखल्याच्या समासात होते, जोडीदाराच्या नावासह. आणि करार मोडला, तर तेही त्याच समासात लिहिले जाते.